न सांगितलेले पाच खडे

१

काळेपिंपरीच्या फादर अमृत कसबे यांनी पापनिवेदनात ऐकलेली गोष्ट बाहेर फोडली, असं पत्र ईस्टरनंतर दहाव्या दिवशी बिशपांकडे पोचलं. त्यानंतर चौथ्या दिवशी फादरांना वेदीवर उभं राहायला बंदी झाली. आरोप काय ते त्यांना कळवलं. आरोप करणारं माणूस कोण ते कळवलं नाही, आणि पुढेही कळवलं जाणार नव्हतं.

माझा या सगळ्याशी संबंध काय? तसा काहीच नाही. मी बलभीम सरवदे, पौर्णिमेला बुद्धविहारात जाणारा माणूस. धाराशिवच्या न्यायालयात चौतीस वर्षं लघुलेखक होतो. साक्षीदार बोलेल ते शब्दाला शब्द उतरवायचं, हे माझं काम. निवृत्त होऊन कळंबला घर बांधलं आणि दिवसभर बायकोचं डोकं खायला लागलो, असं ती म्हणते. म्हणूनच चौकशीसाठी आलेल्या फादर डॉमनिक परेरांचा फोन आला, तेव्हा माझ्याआधी तीच हो म्हणाली.

फादर डॉमनिक वसईचे. चर्चचा कायदा रोमला जाऊन शिकलेले, पण आमच्याकडची बोली त्यांच्या डोक्यावरून जायची. जबान्या तर जशाच्या तशा उतरवायला हव्यात. एरवी हे काम धर्मगुरूच करतात; बिशपांनी माझ्यासाठी खास परवानगी दिली आणि मी गुप्ततेची शपथ घेतली. आता सगळं गावासमोर आलं आहे आणि ज्यांची त्यांची संमती मी घेतली आहे, म्हणून हे लिहितो आहे.

कळंबहून निघालो तेव्हा गाडीतच त्यांनी मला प्रकरण समजावलं.

“पापनिवेदनात माणूस आपलं पाप फादरला सांगतो. ते फादरनं कुणालाही सांगायचं नसतं, जीव गेला तरी. जाणूनबुजून फोडलं तर तो त्याच क्षणी चर्चबाहेर.”

“आणि फादर अमृत काय म्हणतात?”

“काहीच नाही. त्यांना म्हणताच येत नाही. ‘ती बाई मला हे बोललीच नव्हती’ एवढं म्हटलं, तरी ते फोडणंच झालं.”

मी चाट पडलो. आमच्या कोर्टात गप्प राहणं हा आरोपीचा हक्क. इथे गप्प राहणं हे त्याचं कर्तव्य होतं, आणि त्याच कर्तव्यापायी तो बुडणार होता.

“निदान तक्रारदाराचं नाव तरी सांगा त्यांना,” मी म्हणालो. “आमच्याकडे चोरालासुद्धा आरोपपत्राची नक्कल फुकट देतात. साक्ष त्याच्यासमोर होते. त्याच्या वकिलाला उलटतपासणी घेता येते.”

“तक्रारदाराच्या संमतीशिवाय नाही. उद्या आपलं नाव फुटणार असं कळलं, तर कोण गरीब बाई एका फादरविरुद्ध तोंड उघडेल, मिस्टर सरवदे?”

हे मला पटलं नाही, पण खोडताही येईना. आमच्याकडेही लहान लेकरू साक्षीला आलं की मध्ये पडदा लावतातच.

“मग त्यांच्या बाजूनं पुरावा काय आहे?”

“आजपर्यंत काही नाही,” फादर डॉमनिक म्हणाले. “आणि माझा अहवाल परवा रोमला जायचा आहे.”

२

काळेपिंपरीचं चर्च म्हणजे वर पत्रे आणि खाली चुना दिलेल्या चार भिंती. ईस्टरसाठी नवा हात दिलेला, त्यामुळे उन्हात डोळे दिपत होते. मागे आवारात चुन्याचा रिकामा ड्रम पालथा पडला होता.

फादर अमृत जेमतेम पस्तिशीचे. जालन्याकडच्या मजुराच्या घरचे. वेदीवरून उतरवलेला हा माणूस आवारातल्या कडुनिंबाला पाणी घालत होता.

“मला काही बोलता येणार नाही, साहेब,” ते म्हणाले. “चहा घ्या.”

“तुमची बाजू?”

“देवाला ठाऊक आहे.”

“देवाची जबानी घ्यायची सोय माझ्याकडे नाही हो!” मी चिडूनच म्हणालो. पुढ्यातला माणूस दोन दिवसांत आयुष्यातून उठणार आणि चहा घ्या म्हणतो, याचा मला मनापासून राग आला. ते हसले. मग हळूच म्हणाले, “आईला अजून सांगितलेलं नाही. तिनं ऊसतोड करून मला शिकवलं.” एवढंच बोलून पुन्हा पाण्याकडे वळले.

फादर डॉमनिकनी चौघांना बोलावलं होतं. पहिल्या आल्या त्या तक्रारदार विठाबाई. सत्तरीच्या, काटक, पदर डोक्यावरून घट्ट. पत्र त्यांचंच होतं, हे बिशपांखेरीज फक्त आम्हा दोघांना आणि ते लिहून देणाऱ्याला ठाऊक होतं.

“माझ्या नातीला, आरोहीला, आकडी यायची,” त्या सांगू लागल्या. “दवाखाना चालूच व्हता. तरी जीव ऱ्हायना. म्या येरमाळ्याच्या येडाईला बोलले, पोरगी बरी व्हऊ दे, चुनखडी येचायला यीन. औंदा ईस्टरच्या आदला झावळ्यांचा ऐतवार आन् चुनखडीचा दिवस एकच आला. सकाळी हितं झावळी घिऊन देवाचं गानं म्हनलं आन् दुपारी जीपनं येरमाळ्याला गेले. पाया पडून आले. सुनंला बी बोलले न्हाय.”

येडेश्वरीच्या यात्रेत लोक शेतातून चुनखडीचे खडे वेचतात आणि ढिगावर नेऊन टाकतात. आमच्या भागात हे कुणाला सांगावं लागत नाही. फादर डॉमनिकना मी सांगितलं.

“मग?”

“मंग जिवाला खाऊ लागलं. बुधवारी सांजंला पापनिवेदनाला आले. लई गर्दी. भितीला टेकून बसले तर समदा पदर वल्ल्या चुन्यानं भरला. फादरला सांगितलं आन् मोकळी झाले. ईस्टरच्या सकाळी उमाबाई दारातच म्हनली, काय विठाबाई, येडाईला जाऊन आलीस म्हनं! समद्या बायका बघाया लागल्या.” त्यांनी पदर आणखी घट्ट ओढला. “म्या दुसऱ्या कुनाला सांगितलंच न्हवतं. फकस्त फादरला. मंग फुटलं कसं?”

त्या खोटं बोलत नव्हत्या. चौतीस वर्षांत एवढं तरी मला ओळखू येतं.

उरलेल्या तिघांना फादर डॉमनिकनी ठरलेलेच प्रश्न विचारले. ही गोष्ट ठाऊक आहे का? फादरांनी सांगितली का?

सून सोनाली म्हणाली, “ईस्टरला शेजारणी म्हणल्या, तुमच्या सासूनं येडाईचे पाच खडे आणले. फादर मला काय बी बोलले न्हाईत.”

धर्मशिक्षक आबाराव मोठ्या आवाजाचे, मिशा पिळलेले. विठाबाईंचं पत्र लिहून देणारे हेच. “पाच खडे फडक्यात बांधून आणले, अशी बोलवा हाय. फादरच्या तोंडून म्या ऐकलं न्हाय. पर दुसऱ्याला ठाऊक तरी कुणाला व्हतं?” फादर अमृतनी त्यांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातली छडी काढून घेतली होती, तो राग अजून मिशीत दिसत होता.

शेवटी महिला मंडळाच्या उमाबाई. गावचं शिवणकाम त्यांच्याकडे. “ठाऊक हाय की. पाच खडे, पोरीच्या जुन्या झबल्याच्या फडक्यात. फादरनं? न्हाय बाई, फादरनं न्हाय सांगितलं.”

तिघांनाही गप्प राहायची शपथ देऊन घरी पाठवलं. फादर डॉमनिकनी चष्मा काढला.

“फादरांच्या तोंडून कुणीच ऐकलेलं नाही. पण ठाऊक फक्त फादरांनाच होतं. मिस्टर सरवदे, याचा अर्थ एकच निघतो.”

३

सकाळी जबान्या पुन्हा वाचायला बसलो. ही माझी जुनी खोड. साक्षीदार बोलत असतो तेव्हा आपण त्याच्या तोंडाकडे बघतो. कागदावर आल्यावर नुसते शब्द उरतात.

आधी माझा संशय आबारावांवर होता. खुन्नस त्यांना, पत्र त्यांच्या हातचं. पण त्यांनी रचलं असतं, तर ‘फादरनीच मला सांगितलं’ असं ठोकून दिलं असतं. ऐन मोक्याच्या प्रश्नाला त्यांनी नाही म्हटलं होतं. माणूस आगाऊ होता, लबाड नव्हता.

मग मला खडे दिसले. सोनालीच्या जबानीत पाच खडे. आबारावांच्या जबानीत पाच खडे, फडक्यात. उमाबाईंच्या जबानीत फडकं कशाचं तेसुद्धा. आणि विठाबाईंच्या साडेतीन पानांत खड्यांचा उल्लेख एकदाही नाही. त्या नुसत्या ‘पाया पडून आले’ म्हणाल्या होत्या.

मी फादर डॉमनिकना चहासुद्धा पिऊ दिला नाही. दोघं विठाबाईंच्या घरी गेलो. सोनाली आरोहीला घेऊन शाळेत गेली होती, म्हातारी एकटीच ज्वारी निवडत होती.

“विठाबाई, पापनिवेदनात तुम्ही फादरांना...”

“थांबा!” फादर डॉमनिकनी माझा दंड धरला. “तिथे काय बोललं गेलं ते चौकशीत विचारायचं नाही. ते पुरावा म्हणून धरताच येत नाही.”

मी थोडा विचार केला. नियमाशी भांडण्यापेक्षा त्याला वळसा घालणं बरं, हे मी चांगल्या वकिलांकडून शिकलो आहे.

“बरं. तुम्ही फादरांना काय सांगितलं, ते मला नको. येरमाळ्याहून आल्यावर तुम्ही काय केलंत, आणि त्यातलं काय कुणालाच सांगितलं नाहीत, तेवढं बोला.”

फादर डॉमनिकनी माझा दंड सोडला. म्हातारीचे हात सुपात थांबले.

“खडे,” ती म्हणाली. “पाच खडे येचले, हळद लावली. ढिगापाशी जाया गेले तर ही गर्दी! रेटारेटीत पडता पडता वाचले. खडे मुठीतच ऱ्हायले. घरी आले. आता टाकू कुठं? देवाची वस्तू उकिरड्यावर टाकवंना. घरात ठिवावी तर भितीवर क्रूस. रातभर इचार केला. चर्चला चुना द्यायचं चाललं व्हतं. सोमवारी आरोहीच्या जुन्या झबल्याच्या फडक्यात बांधून ड्रममंदी सोडले. चुन्याचेच खडे, चुन्यात इरघळून जातील. हिकडंबी पाप न्हाय, तिकडंबी न्हाय.”

“हे कुणाला सांगितलंत?”

“कुनालाच न्हाय. लई लाज वाटली. देवाच्या घराच्या चुन्यात येडाईचे खडे टाकले म्हनून कुठल्या तोंडानं सांगू?” तिनं फादर डॉमनिककडे बघितलं. “फादरला बी न्हाय.”

बाहेर आल्यावर फादर डॉमनिक म्हणाले, “फादर अमृतना खडे ठाऊकच नव्हते. पण एवढ्यानं भागणार नाही. त्यांनी नवसाचं सांगितलं आणि खडे दुसऱ्या कुणाला सापडले, असंही असू शकतं.”

माणूस हुशार होता. मला तो आवडायला लागला होता.

“असू शकतं. म्हणून आता वेळ बघू. चुनखडी भट्टीत भाजल्याशिवाय पाण्यात विरघळत नाही. कच्चे खडे ड्रमच्या तळाला तसेच राहणार. विठाबाई बुधवारी संध्याकाळी भिंतीला टेकल्या आणि पदर भरला. म्हणजे शेवटची भिंत त्याच दिवशी रंगली होती. शेवटच्या भिंतीला चुना कुठून येतो? तळातून. मग तळ खरवडणाऱ्याच्या हाताला ते गाठोडं लागलं असणार, आणि तेही विठाबाईंनी पापनिवेदनात तोंड उघडण्याआधी.”

फादर डॉमनिक जागीच उभे राहिले. “चुना कोण देतं इथे?”

“आवारातला माळी. बंडप्पा. वीस वर्षं तोच देतो, काल चहाला फादर अमृतनी मला सांगितलं.”

“त्याचं नाव यादीत नव्हतं.”

“नव्हतंच. तुम्ही यादी चर्चच्या मंडळींतून केली होती.”

४

बंडप्पा उमरग्याकडचा लिंगायत, गळ्यात लिंग, हातात खुरपं. चर्चच्या मागच्या खोलीत राहतो. दोन महिने गावभर फादरांच्या प्रकरणाची कुजबुज चालली होती आणि हा गृहस्थ शंभर पावलांवर गुलाबाला आळं करत बसला होता.

“गाठोडं सापडलं की,” तो शांतपणे म्हणाला. “बुधवारी दुपारी. मागची भिंत ऱ्हायली व्हती, ड्रम खरवडला, हाताला लागलं. सोडून बघितलं तर पाच खडे, हळद लावलेले. मी बी दरसाल येरमाळ्याला जातो, मला कळत न्हाय व्हय? कुणाचं तरी चुकून पडलं म्हणलं. देवाची वस्तू, ज्याची त्याला द्यावी. फडक्यावर पोपट व्हते. उमाक्काला दाखवलं, कुणाचं कापड म्हणून.”

“उमाक्का काय म्हणाल्या?”

“बघितल्या बघितल्या म्हणल्या, ह्ये तर मीच शिवलेलं आरोहीचं झबलं! पोचवते म्हणून गाठोडं ठिवून घेतलं त्यांनी.”

“अहो, मग इतके दिवस सांगितलं का नाहीत?”

“मला कुणी इचारलंच न्हाय की, सायेब.”

उमाबाईंना पुन्हा बोलावलं. या वेळी मी फादर डॉमनिककडे बघितलं आणि त्यांनी मान हलवली. मी एकच प्रश्न विचारला. कोर्टात तो कुठलाही शिकाऊ वकील पहिल्यांदा विचारतो.

“ही गोष्ट तुम्हाला पहिल्यांदा कुणाकडून कळली, आणि कधी?”

उमाबाईंनी पदराचं टोक पिळलं. मग त्यांना रडूच फुटलं.

“बंडप्पानं फडकं दाखवलं तवा. बुधवारी दुपारची जेवणं झाल्यावर. वळखलं मी, म्हातारीचंच काम म्हणलं. आन् जिभेला हाड न्हाय माझ्या, सांजच्यापातुर दोघीतिघींना बोलले. फादरचं असं व्हईल ह्ये मला काय ठाऊक? बंदी आल्यावर भ्या वाटलं.”

“आणि काल मग...”

“काल तुम्ही काय इचारलंत? फादरनं सांगितलं का. मी न्हाय म्हणले. खोटं बोलले का मी?”

फादर डॉमनिकनी दोन्ही हातांनी चेहरा पुसला. “नाही,” ते म्हणाले. “खोटं नाही बोललात. आम्ही विचारलंच चुकीचं.”

५

अहवाल त्याच दुपारी लिहून झाला. आरोप निराधार, बंदी उठवावी. बिशपांनी फोनवर ऐकून लगेच होकार दिला. मी पेढे आणायच्या विचारात होतो.

“एक अडचण आहे,” फादर डॉमनिक म्हणाले. “हे कागद कुलपात जातील. का सुटले, कसे सुटले, हे गावाला सांगता येणार नाही. सांगायचं तर विठाबाईंचं नाव येतं.”

माझं डोकंच फिरलं. “म्हणजे हा माणूस उद्या वेदीवर उभा राहणार आणि गाव म्हणणार, वरून दाबलं प्रकरण! आमच्याकडे निर्दोष सुटला की भर कोर्टात मोठ्यानं वाचतात. बाहेर उभ्या असलेल्या त्याच्या आईला ऐकू जातं!”

“आणि तुमच्याकडे हे प्रकरण सुटायला किती वर्षं लागली असती?”

खरं सांगायचं तर मी उतरवलेले असे कितीतरी निकाल आहेत, की ते वाचेपर्यंत आरोपीची आई उरलेली नव्हती.

“त्यांनाच विचारू,” मी शेवटी म्हणालो. “नाव त्यांचं आहे. द्यायचं की नाही ते त्या ठरवतील.”

विठाबाईंना सगळं सांगितलं. फादरनी फोडलं नव्हतं हे कळताच म्हातारीनं पुढ्यातलं सूप बाजूला सारलं.

“त्या लेकराला म्या एवढं...” ती म्हणाली. “आन् त्यो एका शबदानं बोलला न्हाय?”

“त्यांना तुमचं नावसुद्धा सांगितलेलं नाही. तुमच्यावर जबरदस्ती नाही, बाई. नको म्हणालात तरी फादर सुटलेच आहेत.”

“कागदावर सुटला,” विठाबाई म्हणाल्या. “कागद कोन वाचतंय?”

रविवारी मी बायकोला घेऊन गेलो. चर्च भरलं होतं, पण आवाज नव्हता. फादर अमृत वेदीवर आले तेव्हा निम्मे लोक खाली बघत होते. उपासना संपता संपता विठाबाई उठल्या आणि काठी टेकत पुढे गेल्या. सोनाली त्यांचा हात धरायला धावली, त्यांनी सोडवला.

त्यांनी सगळं सांगितलं. आकडी, नवस, जीप, गर्दी, मुठीत राहिलेले खडे, चुन्याचा ड्रम. ड्रमापाशी आल्यावर कुणीतरी फिसकन हसलं आणि मग गप्प झालं. “बंडप्पाला घावले. तितनं ह्ये फुटलं. आन् म्या फादरवर आळ घितला. बिशपला पत्र माझंच व्हतं. चुकलं माझं.” मग त्या वेदीकडे वळल्या. “फादर, म्या बुधवारी तुमाला काय बोलले आन् काय न्हाय, सांगा की आता ह्यास्नी! म्या सवताच सांगाया लावते.”

सगळं चर्च फादर अमृतकडे बघू लागलं. आता एक शब्द बोलले असते तरी कुणी बोट दाखवलं नसतं, असं मला वाटलं. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. ते दोन पायऱ्या उतरून खाली आले, कडेची खुर्ची ओढून विठाबाईंपाशी ठेवली.

“आधी बसा,” ते म्हणाले. “किती वेळ उभ्या आहात.”

विठाबाई बसल्या आणि लोकांकडे वळून ओरडल्या, “बगा! अजून बी बोलत न्हाय!”

आधी आबाराव हसले, त्यांच्या त्या मोठ्या आवाजात. मग सगळं चर्च हसायला लागलं, आणि हसता हसता बायका डोळे पुसू लागल्या. माझ्या बायकोनं माझा रुमाल मागितला. मी दिला नाही, मलाच लागत होता.

पुढच्या शनिवारी फादर अमृतकडे पापनिवेदनाला अठ्ठावीस माणसं आली, काळेपिंपरीत एरवी सहासात येतात. रांगेत सगळ्यात पुढे उमाबाई होत्या. त्या आत गेल्या आणि पाऊण तास बाहेर आल्या नाहीत, पण मागचं कुणीही उठून गेलं नाही.